आडव्या मानेचा सिनेमा

सेव्लिएवो,
१० ऑक्टोबर २०२३

प्रिय राडोय,

तुला नमस्कार, आणि तुझं पित्ताशय काढून टाकणाऱ्या डॉक्टरांनाही. वार्नाची समुद्राची हवा मानवते आहे ना? तुझ्या मंडळींना सांग, त्यांनी पाठवलेला अंजिराचा मुरंबा संपला, बरणी धुऊन ठेवली आहे. (म्हणजे काय ते त्या समजतील.) माझी प्रकृती ठीक. रक्तदाब वर असतो, पण या वयात काहीतरी वर आहे हेच समाधान. पिंपात मिठाच्या पाण्यात कोबी मुरायला घातला आहे, रोज सकाळी खालच्या तोटीतून पाणी काढून वरून ओततो, तेवढाच व्यायाम. तुझ्या थोरल्या बहिणीचं, नेवेनाचं, कसं काय? (ती माझ्यापासून तीन गल्ल्यांवर राहते आणि तू अडीचशे किलोमीटरवर, हे मला ठाऊक आहे. सहज विचारलं.)

तर माझ्या कादंबरीवर सिनेमा निघाला. अभिनंदन करू नकोस, आधी पूर्ण ऐक. तू ‘चाळीस हिवाळे’ वाचल्याचं १९८६ पासून सांगतोस. पण एकदा तू तिला ‘ती तुझी रेल्वेची गोष्ट’ म्हणाला होतास, म्हणून थोडक्यात सांगून टाकतो. त्यात रेल्वे नाही. त्यात मानोल नावाचा आपल्याकडचाच एक माणूस एकटा यानातून दूरच्या ताऱ्याकडे जातो. सोबत पेना नावाची कोंबडी आणि कोबीचं पिंप. यानात दिवस-रात्र नसते, कॅलेंडर बंद पडतं, म्हणून तो दर वेळी कोबी मुरला की एक हिवाळा संपला असं धरतो. असे चाळीस हिवाळे. मग तो परत येतो, पेटी हातात घेऊन एका निळ्या दारापाशी उभा राहतो, दार उघडणाऱ्या बाईला विचारतो, “आत येऊ का?” आणि शेवटचं वाक्य: ‘तिनं मान आडवी हलवली.’ संपलं. आपल्या बल्गेरियात हे वाचून कुणाला शंका आली नाही. मान आडवी म्हणजे हो, मान खाली-वर म्हणजे नाही, हे आपल्याकडचं शेंबडं पोरही जाणतं. बाहेरच्या जगात हे नेमकं उलटं आहे, आणि बाहेरचं जग मोठं असल्यामुळे उलटे आपण ठरतो.

गेल्या वर्षी बेल्जियमहून योरिस नावाचा दिग्दर्शक माझ्याकडे आला. चांगला माणूस, उंच, गळ्यात उन्हाळ्यातही मफलर. सोबत सोफिया शहरातून आलेली पाव्लेता नावाची दुभाषी. द्राक्षाच्या मांडवाखाली टेबल मांडलं, टोमॅटो-काकडीवर चीज किसलं, घरी गाळलेल्या राकियाची बाटली काढली, अंगणात मिरच्या भाजायची भट्टी लावली. योरिसनं प्रश्न विचारायचा, पाव्लेतानं तो आपल्या भाषेत सांगायचा आणि मी मानेनंच उत्तर द्यायचं, असं ठरलं. आता मी जर्मनीत लाइपझिगच्या कारखान्यात चार वर्षं काढलेला माणूस. पाहुण्याचा गोंधळ नको म्हणून मी ठरवलं, आपण त्याच्या पद्धतीनं मान हलवायची: खाली-वर हो, आडवी नाही. शिष्टाचार म्हणतात तो हाच. पण राडोय, त्या भल्या माणसानं विमानात एक प्रवासाचं पुस्तक वाचलं होतं. बल्गेरियन लोक मान उलटी हलवतात, हे त्याला पाठ होतं. त्यामुळे माझं प्रत्येक ‘हो’ त्यानं ‘नाही’ म्हणून लिहून घेतलं आणि प्रत्येक ‘नाही’ ‘हो’ म्हणून. पाव्लेता प्रश्न सांगून झाला की भाजलेली मिरची सोलायला लागायची. मान तिच्या कामात मोडत नव्हती.

“पिंप ठेवायचं का?” मी मान खाली-वर केली. पिंप गेलं. “युद्ध घालायचं का?” मी इतक्या जोरात आडवी मान हलवली की मानेत लचक भरली. त्यानं वहीत तीन ओळी लिहिल्या. (सिनेमात तीन युद्धं आहेत. आपण आणखी जोर लावला असता तर काय झालं असतं, या विचारानं अंगावर काटा येतो.) “कोंबडीच्या जागी बाई दाखवली तर?” मी हसत हसत मान आडवी हलवली. तोही हसत हसत लिहीत राहिला.

जेवणातही तेच. तो पाहुणा असल्यामुळे त्यालाही शिष्टाचार सुचला आणि तो आपल्या, म्हणजे बल्गेरियन, पद्धतीनं मान हलवायला लागला. मी विचारलं, राकिया आणखी? त्यानं आनंदानं मान आडवी हलवली. मी बाटली आत नेऊन ठेवली. मी विचारलं, वजडीचं सूप? त्यानं घाबरून मान खाली-वर, खाली-वर केली. मी वाडगा भरला. असे तीन वाडगे. तिसऱ्याच्या वेळी त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, मला वाटलं लसूण झोंबला. नंतर एका मुलाखतीत तो म्हणाला की बल्गेरियन आतिथ्याला एक क्रूर बाजू आहे.

सिनेमाची चकती त्यानं मला डाकेनं पाठवली. नाव ‘नकार’. हे नाव वाचूनच मी समजायला हवं होतं. मानोलचं नाव मॅक्स झालं आहे आणि तो छाती उघडी टाकून यान चालवतो. (चाळीस हिवाळे, आणि एक बनियन नाही!) माझं यान डागडुजी करून करून चालतं, त्याच्या एका खिडकीला कणकेनं लिंपलं आहे, सिनेमातलं यान इस्पितळासारखं पांढरं आणि त्यात कुठेही काही बिघडत नाही, म्हणून बिचाऱ्यांना युद्ध आणावं लागतं. मॅक्स वेळ मोजतो तो हवेत लटकणाऱ्या निळ्या आकड्यांवर. आकडे कोबीसारखे आंबत नाहीत, त्यांना वास येत नाही, त्यांचं पाणी रोज कुणाला उपसावं लागत नाही. वाट बघण्यात कष्ट असतात हे त्या सिनेमात कुणाला ठाऊकच नाही. मॅक्स आरशात बघतो, कानशिलावर थोडी चंदेरी पावडर, चाळीस वर्षं झाली. आणि माझी पेना, जी कादंबरीत वजन नसलेल्या अवस्थेत अंडं घालून ते भिंतीवर आपटू नये म्हणून त्याच्यामागे पोहत जाते (या एका पानासाठी मी दोन महिने कोंबड्यांकडे बघत बसलो होतो), ती आता डॉक्टर पेना आहे. घट्ट पोशाखातली. तिला दोन चुंबनदृश्यं आहेत.

हे सगळं मी गिळलं असतं. शेजारचा कोयचो म्हणाला, “वेलिझार, पुस्तक पुस्तकाच्या जागी, सिनेमा सिनेमाच्या जागी.” (माझं पुस्तक त्याच्या घरी सदतीस वर्षं एकाच जागी आहे, कोबीचं पिंप डगमगू नये म्हणून पिंपाखाली.) पण शेवट, राडोय! अख्ख्या सिनेमात योरिसनं एकच जागा कादंबरीतून अक्षरशः उचलली आहे, ती शेवटची. तेच निळं दार, तीच पेटी, तोच प्रश्न. बाई मान आडवी हलवते. आणि मॅक्स डोळे पुसतो, पेटी उचलतो आणि यानाकडे चालू लागतो! चाळीस व्हायोलिनं एकदम रडायला लागतात. मी योरिसला फोन लावला, पाव्लेताला मध्ये घेतलं, म्हटलं, अरे बाबा, ती ‘ये’ म्हणते आहे! तुला आपली पद्धत माहीत होती ना? तर तो म्हणे, “मुळात ती बल्गेरियन होती तेव्हा ठीक होतं. पण आता ती साऱ्या मानवजातीची प्रतिनिधी आहे. मानवजात मान आडवी हलवते तेव्हा नाही म्हणते.” घे! माझ्या बाईला मानवजातीत बढती मिळाली आणि त्याच दिवशी तिनं दार लावून घेतलं. समीक्षकांनी लिहिलं की बाल्कनच्या लेखकाशिवाय इतकी थंड, दगडी बाई कुणाला सुचली नसती. महोत्सवात बक्षीसही मिळालं, शेवटालाच.

आता खरी अडचण सांगतो. २१ तारखेच्या शनिवारी आपल्या वाचनालयाच्या सभागृहात हा सिनेमा दाखवणार आहेत. वाचनालयाच्या गांचेवाबाईंनी दारावर हातभर फलक लावला आहे, ‘आपल्या वेलिझारची गोष्ट’. मी म्हटलं, “बाई, ही माझी गोष्ट नाही, माझी कोंबडीसुद्धा नाही.” त्या म्हणाल्या, “अहो, असं काय करता? दोन शब्द बोला, फुलं घ्या आणि खाली बसा. लोक टाळ्या वाजवायला बसलेत, त्यांचा हिरमोड करू नका.” मला स्टेजवर उभं करून विचारणार, सिनेमा पुस्तकाप्रमाणे झाला का? आणि माइक बिघडलेला आहे, त्यामुळे मान हलवली तरी चालेल म्हणतात!

आणि निळं दार गावात एकच आहे. कादंबरीतली बाई गणिताची मास्तरीण आहे, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवते, खडूचे हात एप्रनला पुसते. १९८६ साली पुस्तक निघालं तेव्हा आठवड्याभरात सगळ्या सेव्लिएवोला कळलं होतं ती कोण. तुलाही कळलं असतं, वाचलं असतंस तर. नेवेनाला मी एक प्रत दिली होती. त्यावर ती आजवर एक अक्षर बोललेली नाही, आणि मीही विचारलं नाही. आता शनिवारी सगळं गाव बघणार की त्या निळ्या दारातल्या बाईनं चाळीस वर्षांनी आलेल्या माणसाला हाकलून दिलं. बाजारात बायका तिच्याकडे बघून कुजबुजतील. आणि तिला वाटेल, हे वेलिझारनं लिहिलं. मला याचं फार वाईट वाटतं राडोय, इतकं की जेवण जात नाही. म्हणून एवढंच कर, तिला फोन करून सांग, शनिवारी घरी बस. खुर्च्या लाकडी आहेत, तिचे गुडघे दुखतात. माझं नाव घेऊ नकोस.

तब्येतीला जप. तळलेलं खाऊ नकोस.

तुझा,
वेलिझार

ता. क. – ती ऐकणार नाही. तुझी बहीण आहे. तेव्हा असं सांग की बघायचाच तर बघ, पण शेवटची दहा मिनिटं राहिली की बाहेर पड. यान उतरायला लागलं की उठायचं. डॉक्टर पेना मेलेली असते, त्यानंतर बघण्यासारखं काही नाही.

ता. क. दुसरा – तुला आजवर सांगितलं नाही ते सांगतो. १९८३ च्या मे महिन्यात मी लाइपझिगहून परत आलो. तू तेव्हा सैन्यात होतास. स्टेशनवरून थेट तुमच्या घरी गेलो, हातात पेटी होती. नेवेनानं दार उघडलं. मी विचारलं, आत येऊ का? तिनं मान आडवी हलवली. आणि मी, चार वर्षं जर्मनांच्या माना बघून आलेला गाढव, पेटी उचलून चालू लागलो. रोसित्सा नदीच्या पुलावर पोचेपर्यंत मला आठवलंच नाही की मी कोणत्या देशात आहे. मग आठवलं. परत वळलो आणि पुन्हा थांबलो. मला वाटलं, ती हुशार बाई, मी जर्मनीहून येतोय हे तिला ठाऊक, तिनं माझ्यासाठी मुद्दाम जर्मन पद्धतीनं मान हलवली असेल तर? पुलावर उभा राहून मी हे दोन्हीकडून तपासत बसलो, अंधार पडला, लाज वाटली, घरी गेलो. पुढच्या वसंतात तिनं लग्न केलं. (तुझे मेहुणे, देव त्यांना शांती देवो, भले गृहस्थ होते.) मग मी कादंबरी लिहिली. ‘चाळीस’ हा आकडा तेव्हा मला अतिशयोक्ती वाटला होता. तर खरं काम हे: सिनेमा गेला खड्ड्यात, तिला एवढंच विचार की त्या दिवशीची मान बल्गेरियन होती की जर्मन. आणि कृपा करून मला ‘तिनं नुसती मान हलवली’ असं कळवू नकोस.

ता. क. तिसरा – हे पोस्टाच्या खिडकीशी उभं राहून लिहितो आहे, अक्षर सांभाळून घे. पाकीट शिक्क्यासाठी खिडकीत सरकवलं, गोंद लावायचा राहिला होता, तर मागून आवाज आला, “राडोयला लिहितोस? त्याला वाचायचा कंटाळा आहे, मला सांग.” नेवेना होती, चष्मा दोरीला. मग तीच म्हणाली, सिनेमा बघितला, लेकीकडे सोफियाला, मागच्या महिन्यात. शेवटपर्यंत. मी लगेच सुरू केलं, की हे माझं नाही, तो शेवट खोटा आहे, पुस्तकात... तर म्हणते कशी, “पुस्तक वाचलंय मी, तीनदा. छान आहे, पण खोटं तेच आहे. सिनेमा खरा आहे. मी ‘ये’ म्हटलं, तू पेटी उचललीस आणि गेलास. फक्त व्हायोलिनं नव्हती.” मी विचारलं, म्हणजे मान बल्गेरियन होती? “मग काय, मी कधी जर्मन शिकले होते? संध्याकाळपर्यंत दार उघडं ठेवलं होतं मी. घरभर माश्या झाल्या.”

नंतर ती म्हणाली, शनिवारी माझ्या शेजारची खुर्ची रिकामी आहे, बसशील का? राडोय, मी मान हलवली. खाली-वर, आडवी, कशी ते मलाच कळलं नाही. ती म्हणाली, “वेलिझार, तोंडानं बोल.” मी ‘हो’ म्हणालो, आणि ते इतक्या मोठ्यानं निघालं की खिडकीमागच्या बाईनं दचकून पाकिटावर भलत्याच गावाचा शिक्का मारला. पत्र उशिरा पोचलं तर वरचं काही करू नकोस.