नऊ वर्षं चाललेलं लग्न आणि बंद दुकान

चि. पुतणोबा,
काकाचे अनेक आशीर्वाद.

ताजी बातमी आधी सांगतो. आपलं दुकान बंद आहे. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांनी काल दुपारी ती पक्की केली, आणि तीही आपल्याच दुकानात, मी नुकतंच कापड चढवलेल्या खुर्चीवर बसून, काकूने दिलेला चहा पीत.

बाकी इकडे सगळे खुशाल. माझा गुडघा जिना चढताना बोलतो, उतरताना गप्प असतो. काकूची तब्येत उत्तम, आवाज त्याहून उत्तम. सूनबाईंना आशीर्वाद, छोटीला गोड पापा. तुझी पाठ कशी आहे? (दिवसभर ऑफिसातल्या त्या चाकाच्या खुर्चीवर बसतोस. ती खुर्ची नव्हे, शिक्षा आहे, हे मी पूर्वीच सांगितलं होतं.) हे सगळं फोनवरही बोललो असतो, पण फोनवर तू "हो काका, हो काका" म्हणत दुसरंच काहीतरी करत असतोस. पत्र निदान हातात तरी धरावं लागतं.

तर झालं असं. व्यवस्थापक दारातून डोकावले आणि म्हणाले, "माल काढून टाकताय का?" मी म्हटलं, कसला माल? तर म्हणाले, "नाही, दुकान बंद झालंय ना तुमचं. दार उघडं दिसलं, म्हटलं आवराआवर चालू असेल, दोन-चार खुर्च्या स्वस्तात मिळाल्या तर बघाव्यात." मागे काकूचं शिवणयंत्र धडाडत होतं, दोन्ही कारागीर सोफ्याला पट्टे ताणत होते, मी तोंडात खिळे धरून उभा होतो. (तोंडात खिळे असल्यामुळेच पहिलं उत्तर सभ्य गेलं.) हे सगळं डोळ्यांनी बघूनही त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी खिशातून फोन काढला आणि पुरावा समोर धरला.

पुरावा म्हणजे तू केलेली आपली वेबसाइट.

आधी बासरी वाजली. तू घातलेली ती बासरी अजून वाजते, आणि कुठे दाबलं की थांबते हे अजून कुणालाच कळलेलं नाही. मग लाल अक्षरांची पाटी उजवीकडून डावीकडे धावू लागली: "घरच्या लग्नकार्यामुळे दुकान बंद आहे. कार्य आटोपताच पुन्हा सेवेत रुजू होऊ." हे कार्य म्हणजे तुझं लग्न, बाबा. बोहल्यावर चढायच्या आदल्या दिवशी तू ती पाटी लावलीस, लग्न झालं, नोकरीच्या गावी गेलास, मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली. वेबसाइटवर मात्र तुझं लग्न अजून आटोपलेलं नाही. मागे एका आजीबाईंनी मला भर रस्त्यात थांबवून विचारलं होतं, "अहो, तुम्हाला मुली तरी आहेत किती? उरकतच नाही तुमच्याकडचं!" तेव्हा मला वाटलं, वयामुळे गोंधळल्या असतील. आता कळतंय, की गावात त्यांच्याइतकं बारकाईने वाचणारं दुसरं कुणी नाही.

पाटीखाली माझा फोटो. काळे केस, भरघोस मिशी, पोट आत. व्यवस्थापकांनी एकदा फोटोकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि आदराने विचारलं, "हे चिरंजीव का? ते नाही दिसत आज." (काकू हसली. इतकी हसली, की शिवण वाकडी गेली आणि उसवावी लागली.) फोटोखालचा फोन नंबर आपण कधीच सोडून दिलेल्या तारेच्या फोनचा. त्याखाली सोफा आहे म्हणे, पण मोबाइलच्या पडद्यावर त्याचा एक पायच मावतो. बाकीचा बघायचा तर बोटाने इतकं सरकवावं लागतं, की त्यापेक्षा रिक्षा करून दुकानात यावं.

इथवर सगळी गंमत होती. पण व्यवस्थापकांचा चहा संपला आणि खरी गोष्ट बाहेर आली. नाट्यगृहाच्या सगळ्या खुर्च्यांची कापडं फाटली आहेत, स्पंज पार बसला आहे. प्रेक्षक नाटक संपायच्या आधी उठतात आणि नट बिचारे लेखकाला दोष देतात. सगळ्या खुर्च्या नव्याने करायच्या आहेत. हे काम मिळालं तर आपल्या दोन्ही कारागिरांना वर्षभर मान वर करायला फुरसत नाही. नाही मिळालं, तर पावसाळ्यानंतर त्यांतल्या एकाला मला नाही म्हणावं लागेल. कुणाला म्हणू? थोरल्याने मला हातोडी धरायला शिकवलं, धाकट्याला मी.

माझं काम व्यवस्थापकांना पसंत पडलं. त्यांनी खुर्ची उलटी करून खालची शिवणसुद्धा पाहिली, म्हणजे माणूस जाणता आहे. पण ठरवणार समिती. समितीतलं कुणीही दुकानात येणार नाही. ते पुढच्या शुक्रवारी एका खोलीत बसणार, भिंतीवर दुकानदारांच्या वेबसाइट लावणार आणि बघून ठरवणार. पुलापलीकडच्या नव्या दुकानदाराच्या वेबसाइटवर खुर्च्या बोटाने गोल फिरतात. (त्याच्या खुर्च्या घरी नेल्यावरही फिरतात, कारण पाय सारखे नसतात. त्यातल्या तीन माझ्याकडे दुरुस्तीला आल्यात.) आणि आपली पाळी आली की भिंतीवर काय येणार? बासरी, लग्न आणि माझी मिशी.

आपल्या वरच्या मजल्यावर एका मुलीने कार्यालय थाटलंय. वेबसाइट करणं हाच तिचा धंदा. मागे खुर्ची दुरुस्तीला घेऊन आली, तेव्हाच म्हणाली होती, "काका, वेळ, नंबर, फोटो दर थोड्या दिवसांनी तपासत जा, आणि दोन-तीन वर्षांनी सगळीच नव्याने बांधा. लोकांची बघायची सवय बदलते. आता सगळे फोनवर बघतात. जुनी साइट दिसली की त्यांना वाटतं दुकानही तसंच असेल." मी तिला ऐकवलं, की चांगली केलेली वस्तू पुन्हा पुन्हा कशाला करायची? तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि मी नेहमीचं सुरू केलं, की साहेब, सांगाडा उत्तम आहे, पण कापड विटलंय, स्पंज बसलाय, सहा-सात वर्षांनी हे बदलायलाच हवं, नाहीतर येणारा पाहुणा खुर्चीवरून घराची परीक्षा करतो. माझं बोलणं संपलं तेव्हा ती मुलगी आणि काकू दोघी माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मी खिळे तोंडात घातले.

आता तिला काम दिलंय. नवे फोटो काढून झाले (माझा खरा, आत्ताचा, पोट थोडं आत), कारागिरांचे हात, उलटी खुर्ची, खालची शिवण. पण ते जुन्या पत्त्यावर चढवायचे तर तुझा पासवर्ड हवा. काल संध्याकाळी तुला फोन केला तर तू म्हणालास, मला आठवत नाही, लग्नाच्या गडबडीत तुम्हालाच सांगितला होता, लिहून ठेवा म्हणालो होतो. बरोबर आहे. मी लिहून ठेवला होता. अगदी सुरक्षित आहे. काळजी नसावी.

सर्वांना यथायोग्य नमस्कार, आशीर्वाद.

तुझा,
काका

ता. क. पासवर्ड कुठे आहे ते सांगायचं राहिलं. तू सांगितलास तेव्हा तुमच्या लग्नाच्या आहेराची हिरवी खुर्ची माझ्यापुढे उलटी होती. कागद हरवतात, खुर्ची हरवत नाही, म्हणून बैठकीखालच्या फळीवर पेन्सिलीने लिहिला आणि वरून काळं कापड ठोकलं. म्हणजे आत्ता तू बहुतेक त्यावरच बसला आहेस.

ता. क. २ कापड स्वतः उचकटू नकोस. खिळे बारीक आहेत, फळी चिरेल, आणि तुझ्या हातात पकड दिली की काय होतं ते मी पाहिलंय. खुर्ची गाडीत घालून इकडे घेऊन ये, रविवारपर्यंत. सूनबाई आणि छोटी बरोबर असल्या तर खुर्ची धरायला बरं. गेली दोन वर्षं तू उभ्या उभ्या येऊन जातोस. खुर्च्यांच्या दुकानात येऊन उभा राहणारा तू एकटाच.

ता. क. ३ हे काकूचं अक्षर. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलंय. पासवर्ड विसरला तर नवा घेता येतो, तो तुझ्या फोनवरच येतो, हे वरच्या मुलीने ह्यांना काल दोनदा सांगितलं. ह्यांना ते नीट कळलंय. तेव्हा हे वाचलंस की आधी नवा पासवर्ड घे, ती लग्नाची पाटी आणि बासरी काढ आणि बाकीचं त्या मुलीच्या हवाली कर. शुक्रवार तोंडावर आलाय, खुर्चीवर विसंबून चालणार नाही. तू हे आधीच केलंस ते ह्यांना कळायचं नाही. वेबसाइट कशी उघडायची तेच ह्यांना माहीत नाही. पण रविवारी खुर्ची घेऊन ये. हे ती टेबलावर उलटी घालतील, एकेक खिळा काढतील, चष्मा पुसतील आणि "सापडला!" म्हणून ओरडतील. तेव्हा चेहऱ्यावर जरा आश्चर्य आण. छोटीलाही शिकवून ठेव.