न झालेल्या क्षयाचा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
क्षयरोग आरोग्यधाम, निंबाळमाळ

विषय : मला क्षय नाही, असा मराठीत दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : 'विषय स्पष्ट नाही' या शेऱ्यासह परत आलेला माझा मागील अर्ज.

महोदय,

अर्जदार डोंगरकडा येथील शाळेत शिक्षिका आहे. गेल्या वर्षी खोकल्यातून रक्त आल्याने आपल्याकडे दाखल झाले. थुंकीत जंतू दिसले, क्षय ठरला. औषधांनी खोकला हटेना, म्हणून थुंकी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवण्यात आली. जंतू फार सावकाश वाढणारा, त्यामुळे अहवाल येईतो पावसाळा सरला. जंतू क्षयाच्याच कुळातला, परंतु जात निराळी. तो माती-पाण्यात राहतो, माणसाकडून माणसाला लागत नाही, असे निघाले. आपण स्वतः खाटेजवळ येऊन म्हणालात, "बाई, तुम्हाला टीबी नाहीच." मला रडू आले. मग म्हणालात, "खाट मात्र रिकामी करावी लागेल. ती टीबीवाल्यांची आहे."

वारंगा फाट्यावर उतरून घरी गेले. सासूबाई जनकाबाई यांनी दारातच अडवले. "टीबी न्हाई, तर इतके दिस काहून ठेवून घेतलं?" अहवाल दाखवला, तर तो इंग्रजीत. तेव्हापासून माझे अंथरूण गोठ्यात आहे. तरुणपणी सासूबाईंनी लोकांच्या दारी वरून ओतलेले पाणी ओंजळीने प्यायलेले आहे. आज त्या मला तसेच पाजतात. त्या वाईट नाहीत. त्यांचा थोरला लेक क्षयानेच गेला.

मुख्याध्यापक क्षयमुक्तीच्या दाखल्याशिवाय हजर करून घेत नाहीत. आपले लिपिक म्हणतात, "झालाच नाही, त्यातून मुक्त झाल्या असं कसं लिहू?" त्यांचेही बरोबर आहे. तरी, क्षय झाला होता व तो बरा झाला, असे लिहिल्यास माझी हरकत नाही. मी आता थकले आहे.

तेही नियमात बसत नसल्यास नोकरीचे राहू द्यावे. माझी मुलगी शकुंतला अजून शाळेत जाण्याच्या वयाची नाही. मी गोठ्यातून पुढे झाले की ती आजीने शिकवल्याप्रमाणे हात आडवा करते. "आई, तितंच थांब," म्हणते. हिने आपल्या लेकराला जवळ घेण्यास हरकत नाही, एवढी एकच ओळ लिहून खाली गोल शिक्का मारून द्यावा. सासूबाईंना वाचता येत नाही. शिक्का ओळखतात.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
सौ. पद्माबाई सोनाजी खिल्लारे
मु. पो. डोंगरकडा, ता. कळमनुरी
दि. ९ नोव्हेंबर १९७४

सोबत : इंग्रजी अहवाल (घडीवर फाटलेला).