साक्षचिठ्ठी क्रमांक सतरा : हजर, पण दाराबाहेर

प्रति,
मा. श्री. थर्मन ब्रॅकेट,
नगर सचिव, नगर परिषद कार्यालय,
पोर्ट हॅलम.

विषय : श्रीमती व्हर्लीन गॅस्किन्स यांच्या नावापुढील ‘गैरहजर’ हा शेरा काढून त्यांचे निवेदन मतदानापूर्वी नोंदवून घेणेबाबत.

संदर्भ : कंत्राटी कामगार निर्वाह वेतन विधेयकावरील दि. ९ ऑक्टोबर १९९६ ची सुनावणी.

महोदय,

१. गणित अवघड असले की मी चौथीच्या मुलांना डोळे मिटून कल्पना करायला सांगत असे. आपण माझ्या वर्गात खिडकीजवळ बसत होता, म्हणून आपल्यालाही तेच सांगण्याचे धाडस करते. कल्पना करा, आपण नऊ वर्षांची किआना आहात. अंगात रविवारच्या प्रार्थनेचा झगा, पायांत पांढरे मोजे. आपली आई आज नगर परिषदेत बोलणार आहे.

२. ही आई म्हणजेच श्रीमती गॅस्किन्स. परिषदेने नेमलेल्या कंत्राटदाराकडे ताशी पावणेपाच डॉलरवर त्या परिषदेचीच इमारत साफ करतात. आठवडाभर राबून त्या शनिवारी आमच्या चर्चच्या मोफत जेवणाच्या रांगेत उभ्या राहतात. त्यांच्या ताटात घेवडा आणि मक्याचा पाव मीच वाढते. शहराचे काम करणाऱ्याला पोटापुरते मिळावे, एवढेच हे विधेयक म्हणते.

३. बोलायला तीन मिनिटे मिळतात, मग लाल दिवा लागतो आणि थांबावे लागते. आम्ही चार दिवस माझ्या स्वयंपाकघरात, अंडी उकडायचे घड्याळ लावून तयारी केली. सहा मिनिटांचे निवेदन तीनवर आणले. शेवटची दोन वाक्ये व्हर्लीनने स्वतः कापली. “नको बाई, राग येईल त्यांना.” किआना म्हणाली, “पण तेच तर सगळ्यात छान आहे!” आई म्हणाली, “तू गप गं, मोठी वकील लागून गेलीस!”

४. सुनावणी साडेपाचला ठेवली होती. सफाईची पाळी पाचला सुरू होते. सुट्टी मागितली तेव्हा मुकादम म्हणाला, “भाषण करायचंय तर खुशाल कर. बादली सोडलीस तर परत येऊ नकोस.” तरीही व्हर्लीनने बोलण्यासाठी नाव नोंदवायची साक्षचिठ्ठी भरली, तिला सतरावा क्रमांक मिळाला. मला म्हणाली, “बाई, मी तर त्या दारातच असते. नाव पुकारलं की दोन पावलांत आत.” मलाही ते पटले. जो माणूस इमारतीत आहे तो हजर आहे, असे आम्हा दोघींना वाटले. चूक असेल तर ती एवढीच.

५. त्या दिवशी कंत्राटदारांचे वकील अकरा मिनिटे बोलले. त्यांच्यासाठी लाल दिवा लागलाच नाही. सदस्य श्री. प्रूइट म्हणाले, “अहो, ही माणसं समाधानी आहेत. नसती तर आज इथे आली नसती का?” आमचे पाद्री श्री. मेह्यू मागच्या बाकावरून म्हणाले, “तुमचाच जिना पुसताहेत, साहेब! जाताना पाय जपून टाका, ओला आहे.” अध्यक्षांनी हातोडा आपटला.

६. मग सतरा क्रमांक पुकारला गेला. तीनदा. तिन्ही वेळा दारापलीकडून बादलीच्या चाकांचा आवाज आला, तो मी ऐकला, आपणही ऐकला असेल. मी उठून सांगितले की ती बाहेरच आहे. शिपाई म्हणाला, “सभा चालू असताना सफाईवाल्यांना आत घेता येत नाही, बाई. सभा उठली की येऊ दे.” म्हणजे तिने सभा संपल्यावर सभेत बोलायचे होते. एकतीस वर्षे शिकवले, पण हे गणित मला फळ्यावर मांडता येणार नाही.

७. तेव्हा किआना उठली आणि सरळ दार उघडून उभी राहिली. बारा सदस्यांना तिची आई दिसली, हातात फडक्याची काठी घेतलेली. “ही बघा माझी आई. आता बोलू द्या ना तिला.” मुकादम आईच्या मागेच होता. आईने मान हलवली आणि लेकीला दार लावायची खूण केली. अध्यक्ष म्हणाले, “बाळ, दार लाव. वारा येतोय. आईला म्हणावं लेखी दे, बारा प्रती लागतात.” किआनाने दार लावले.

८. इतिवृत्तात आता तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ असा शेरा आहे, आणि खाली असे आहे की, ‘एकही कंत्राटी कामगार उपस्थित नव्हता, सबब त्यांची मागणी असल्याचे दिसून येत नाही.’ सोमवारी, दि. २१ रोजी, याच वाक्याच्या आधारे मतदान होणार आहे. आपण शाळेत चुकीचे लिहिलेले खोडून टाकत होता. मीच शिकवले होते. तो शेरा आणि हे वाक्यही खोडावे, आणि सोबतचे निवेदन सोमवारपूर्वी प्रत्येक सदस्याच्या टेबलावर ठेवावे, ही विनंती. विधेयक पडायचे तर पडो, पण तिचे ऐकून पडो.

आपली एके काळची शिक्षिका आणि आजची नम्र अर्जदार,
(सही)
ओडेसा पेटिफोर्ड
दि. १५ ऑक्टोबर १९९६

सोबत : निवेदनाच्या बारा प्रती. त्या यंत्रावर काढलेल्या नाहीत. सभा चालू असतानाच किआना बाहेर गेली, आईने नुकत्याच पुसलेल्या जिन्यावर बसली आणि माझ्या वहीतून उतरवू लागली. पाच तिथेच झाल्या, सात माझ्या घरी. पाचवीवर ओल्या पायरीचा डाग आहे, तो चालवून घ्यावा. तपासताना मला दिसले की आईने कापलेली दोन वाक्ये तिने बाराही प्रतींत परत घातली आहेत : “मी रोज तुमच्या बारा खुर्च्या पुसते, आणि कुठली कुणाची ते मला पाठ आहे. माझं नाव तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे?” मी तिला विचारले, हे का लिहिलेस? ती म्हणाली, “कागदाला लाल दिवा नसतो ना, बाई,” आणि पेन्सिलीला टोक काढून तिने त्या दोन वाक्यांखाली बाराही ठिकाणी रेघ ओढली.