रश्मीच्या ओळखीवर

शिरूर, ५ जानेवारी २००९
पोचले एकदाची! दौंडहून एसटीनं हाडं खिळखिळी केली, पण नोकरी लागली बाई. लग्नं जुळवायची वेबसाइट, ऑफिस बाजारपेठेत झेरॉक्सच्या दुकानावर. सगळं रश्मीच्या ओळखीवर. शाळेपासूनची जिवाभावाची माझी, तिथंच कामाला. ती म्हणाली ही आपलीच, तर ज्ञानदेव सरांनी सर्टिफिकेटांची फाइलसुद्धा उघडली नाही. खोलीवाल्या साळूबाईंचंही तेच. रश्मीची म्हंजी आमचीच, म्हणाल्या, आन् चहाबरोबर खारी दिली. ही वहीपण रश्मीनंच दिली, पहिल्या पानावर तिच्या सुरेख अक्षरात माझं नाव घालून, राजश्री.

८ जानेवारी
लोक पासवर्ड विसरतात आणि फोन करून माझं डोकं खातात. म्हणून नवं लॉगिन बसवलं. प्रत्येकानं आपल्या ईमेलच्या खात्यातून यायचं. मेलची कंपनी सांगणार, ही राजश्री हाय, की आपली साइट मान डोलावणार. परत विचारायचं नाही. साळूबाईंसारखंच! रश्मी म्हणाली, मग जुने पासवर्ड काढूनच टाक, दोन दोन दारं कशाला. काढले. सर जाम खूश.

१२ जानेवारी
मलाच आत घेईना! मेलचा पासवर्ड चूक म्हणे. रश्मीच्या कॉम्प्युटरवर पाहिलं, तर साइटवर राजश्री हजर, काम करतेय. फोटोत भलतीच बाई. अंगात माझा पिवळा ड्रेस. खोलीवर येऊन बॅग उपसली. ड्रेस नाही.

१३ जानेवारी
सरांनी विचारलं, तुम्ही कोण. मी हसले, थट्टा वाटली. त्यांनी स्क्रीन दाखवली. कंपनी सांगतेय ती राजश्री, मग आपण परत विचारायचं नाही. माझंच शिकवलेलं! माझ्या खुर्चीत ती बाई बसलेली. माझ्यासारखीच डाव्या हातानं लिहीत होती. रश्मीनं मान वर केली नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. आईला फोन केला. म्हणाली, राजश्रीशी आत्ताच बोलले, तुम्ही कुठून बोलताय. फोन ठेवला. माझ्या आईनं.
आता आठवलं. ते मेलचं खातं रश्मीनंच उघडून दिलेलं, दौंडच्या सायबर कॅफेत. मला तेव्हा माउस धरता येत नव्हता. पासवर्ड विसरला तर नवा घालायला एक प्रश्न — सर्वांत जवळची मैत्रीण कोण? उत्तर तिनंच टाइप केलं. स्वतःचं नाव.
केसानं गळा कापलास गं, रश्मे.

१५ जानेवारी. सकाळ
रश्मी आलीय. दारात साळूबाईंशी बोलतेय. शेजारी ती — पिवळा ड्रेस —
साळूबाईंनी विचारलं, मग आत बसलीय ती कोण.
रश्मे, अजून वेळ आहे. एकदाच म्हण, ही आपलीच —
रश्मी म्हणाली, हिला मी कधी पाहिलंच न्हाई.
कडी वाजतेय. माझं नाव एवढ्या वहीवर उरलंय, तेही तिच्याच अक्षरात. कोण म्हणून विचारतायत. काय सांगू? दुसरं काही सुचतच नाही. मी रश्मीची —