हात वर असेपर्यंत

६ नोव्हेंबर १९९४, रविवार

दिवाळी आटोपली आणि आम्ही गिरगावची खोली सोडून मिरा रोडला आलो. पूनम सागर, तिसरा मजला, दोन खोल्या आणि चक्क गॅलरी! इमारतीत अजून चारच बिऱ्हाडं आहेत. नळाला दिवसाआड पाणी, नाहीतर टँकर, म्हणून सुचेता कुरकुरतेय. मी मात्र जाम खूश. सिनेमा-मालिकांचे आवाज जोडणाऱ्या माणसाला याहून काय हवं? गिरगावात शेजाऱ्यांची फोडणीसुद्धा माझ्या टेपवर यायची. इथे सामान लावायच्या आधीच मी रेकॉर्डर काढला आणि रिकाम्या खोलीची अर्ध्या मिनिटाची शांतता टिपून घेतली.

क्षितिजाने विचारलं, काहीच नाहीये ते कशाला घ्यायचं? सात वर्षांची आहे, पण प्रश्न वकिलाचे. तिला सांगितलं, प्रत्येक खोलीचं गप्प बसणं वेगळं असतं. दोन वाक्यांच्या मध्ये नुसती कोरी टेप जोडली, तर प्रेक्षक दचकतो. म्हणून तिथे त्याच खोलीची शांतता भरायची. ती घेताना नियम एकच : माझा हात वर असेपर्यंत कुणी हलायचं नाही. मोठमोठे नटसुद्धा मुकाट उभे राहतात. आमच्या धंद्यात माझी सत्ता काय ती एवढीच.

२० नोव्हेंबर, रविवार

आज समुद्रकाठच्या पालीला होतो. आमचा दिग्दर्शक जितेंद्र, त्याच्या नव्या मालिकेत कोळ्याचं घर आहे, त्यासाठी एडविन नावाच्या माणसाचं घर मिळालं. माणूस फार अगत्याचा. त्याची आई एडना आतल्या खोलीत आजारी होती. तिला त्रास होईल का, असं विचारलं तर म्हणाला, "माय निजलीय. तुमी करा तुमचा काम, कायपन होत न्हाय."

चार वाजता शूटिंग संपलं. मग माझी शांतता. पहिल्या वेळी गल्लीतून स्कूटर गेली. दुसऱ्या वेळी सगळ्यांना दम भरला, घरच्यांनासुद्धा, आणि दोन मिनिटं हात वर धरला. सुंदर मिळाली. दोन ठिकाणी बारीक खरखर आहे, ती कापता येईल.

२७ नोव्हेंबर

दोन्ही खरखरी ब्लेडने टेपमधून कापल्या. उरलेल्या पट्टीची टोकं एकमेकांना चिकटवून गोल केली. अशी पट्टी कितीही वेळ वाजते, संपतच नाही. जितेंद्र हेडफोन काढून म्हणाला, "यार, हा सन्नाटा आणलास कुठून? काटा आला अंगावर." मालिकेच्या प्रत्येक भागात तीच वापरायचं ठरलं.

तोच सांगत होता, एडविनची आई गेली. शूटिंगच्याच दिवशी. वाईट वाटलं.

१८ फेब्रुवारी १९९५

बक्षीस! वर्षातल्या उत्तम ध्वनिसंकलनाचं. परीक्षकांनी स्टेजवर सांगितलं की बक्षीस आवाजांना नाही, त्या घरातल्या शांततेला आहे. सुचेता रडली. पंधरा वर्षं अंधाऱ्या खोल्यांत पट्ट्या कापत काढली, त्याचं सार्थक झालं असं वाटलं. बक्षिसाची बाहुली टीव्हीवर ठेवली आहे. क्षितिजा येता-जाता तिला सलाम करते.

१९ फेब्रुवारी

सकाळी एडविन आला. अभिनंदन करायला, सुके बोंबील घेऊन. चहा घेतला, बाहुली हातात धरून पाहिली. मग अगदी साधेपणाने बोलला. त्या दिवशी माझा हात खाली आल्यावर तो आत गेला, तेव्हा आई संपलेली होती. "माय पानी मागत व्हती. दोनदा. मी आयकला. पन तुमचा हात वर व्हता, साहेब."

रागाचा एक शब्द नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

इथे तरी खरं लिहितो. खरखर नव्हतीच. माझ्या कानांवर हेडफोन होते, मी त्याच्या आधी ऐकलं होतं. म्हातारी दोनदा ‘पाणी’ म्हणाली. मला राग आला, की टेक बिघडला. मग मनात आलं, हे कापता येईल. आणि हात तसाच वर ठेवला.

२२ फेब्रुवारी

दुपारी क्षितिजा पाढे म्हणत होती. तेरा चोक बावन्न, तेरा पाचे, आणि थांबली. तोंड उघडंच. सुचेताचं लाटणं पोळीवर थांबलेलं. खालच्या टँकरचा आवाज बंद. सगळीकडे तीच शांतता. मी ती ओळखणार नाही? पालीची.

घड्याळ चालू होतं. अर्ध्या मिनिटाने क्षितिजा म्हणाली, पासष्ट. दोघींना काहीच कळलेलं नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं, की माझा डावा हात वर आहे.

२६ फेब्रुवारी

आज चार वेळा. शेवटची दोन मिनिटांची. हात मी वर करत नाही. तो जातो. गेला की पाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही, फक्त उजवा हात चालतो. म्हणून वही जवळच ठेवतो.

१ मार्च

शांती नगरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी स्टेथोस्कोप छातीला लावला आणि ते तसेच राहिले, वाकलेले. पाच मिनिटं. मग म्हणाले, काही नाही, विश्रांती घ्या.

३ मार्च

गोल पट्टी जाळली. बाहुली खाडीत टाकली. काही उपयोग नाही. मालिका चालूच आहे, दर आठवड्याला घराघरांत ती शांतता वाजते आहे. कापलेले दोन तुकडे जागच्या जागी परत जोडले तर? सगळे डबे उपसले. सुचेता म्हणाली, असले बारीकसारीक तुकडे तिने नोव्हेंबरातच केरात टाकले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

५ मार्च

पालीला गेलो. एडविनच्या पाया पडलो. त्याने मला उठवलं. म्हणाला, "माझ्याकडं काय मागता? मी पन उभाच ऱ्हायलो ना." तोही झोपत नाही. त्यालाही सुटका नाही.

८ मार्च

क्षितिजाला ताप. एकशे तीन. सुचेताला सगळं सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. आधी वाटलं, शांतता आली. आली नव्हती. ती नुसती बघत होती.

मला भीती वाटते. माझं काय होईल ते होवो. पण पोरीने काय केलंय?

९ मार्च, सकाळ

ताप उतरत नाही. डावा हात पलंगाच्या पायाला पंच्याने बांधून घेतला आहे. वीस मिनिटांची आली होती. पंचा सुटला. गाठ तशीच होती.

९ मार्च, दुपार

पुन्हा आली. हात वर.

सुचेता दारात आहे. हातात पाण्याचा पेला. एक पाऊल उचललेलं. पलंगापासून चार हातांवर.

घड्याळात पस्तीस मिनिटं झाली —

क्षिती थांबलेली नाही. या वेळी ती थांबलेली नाही. डोळे उघडले. माझ्याकडे बघतेय. माझ्या हाताकडे. तिला नियम ठाऊक आहे, म्हणून गप्प पडून —

ओठ सुकलेत. बोल बाळा. नियम मोड —

म्हणाली. पाणी म्हणाली.

मी ऐकलं. पेला दिसतोय. पाय — देवा, हात खाली —

एकदा झालं. मी कापलं होतं ते दोनच ठिकाणी. म्हातारीच्या दुसऱ्या ‘पाणी’नंतर पट्टीवर काहीच नव्हतं. क्षिती, आता बोलू नकोस. दुसऱ्यांदा नको. बोलू नकोस, मी —

तिने ओठ उघ