कडी नसलेली खोली

वन्सं,

दूध तापवून ठेवलंय, भाजी तेवढी फोडणीला टाका. मी मुंगीच्या शाळेत चाललेय, मुख्याध्यापिकांना भेटायला.

मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीला आतून कडीच नाही, म्हणून ती खेळाच्या तासाला जात नाही, हे तिनं तुम्हाला सांगितलं. मला मात्र दर बुधवारी "डोकं दुखतंय" म्हणायची आणि मी मुकाट्यानं चिठ्ठी लिहून द्यायचे. अशा सात चिठ्ठ्या दिल्या. एकदाही खोदून विचारलं नाही. उलट धावताना पडायची तरी भीती नाही, म्हणून मला बरंच वाटायचं.

तुम्ही राहायला येऊन तीन आठवडेही झाले नाहीत आणि पोरगी तुमच्याबरोबर मैदानाला चार फेऱ्या मारते. काल मला म्हणाली, "आई, तू नको येऊस. तुला लगेच दम लागतो. आत्याच बरी." खरं सांगते, फार लागलं. हल्ली तुमचे ते शर्यतीतले कप पुसतानासुद्धा माझ्या पोटात दुखतं.

तिचे बूट मी धुऊन वाळत घातलेत, तुम्ही हात लावू नका.

कडी बसवायचं कबूल करून घेतल्याशिवाय मी परत येणार नाही. संध्याकाळी माझ्यासाठी थांबा. धापा टाकत का होईना, एक फेरी मीही मारणार आहे.

आणि यापुढे तिनं काही सांगितलं, तर जरूर ऐका. फक्त आधी एवढं विचारा, "आईला सांगितलंस का?"

– वहिनी