टाचेचा नमुना

आनोमाक्रोम
ता. १२ जानेवारी २००९

चि. अफियास, पपांचे अनेक आशीर्वाद.

पत्र बसवाल्या ओसेइच्या हाती देतो आहे. फोनवर तू घाईत असतेस आणि मला जे म्हणायचं असतं ते मी नेमकं विसरतो.

तू आमच्या गावच्या शाळेत येऊन गेलीस त्याला आठ दिवस झाले, पण माझं डोकं अजून ठिकाणावर नाही. मुलांची बोटं त्या जेलीच्या बशांवर टेकवलीस, दुसऱ्या दिवशी उगवलेले पिवळे ठिपके दाखवलेस, इथपर्यंत ठीक. पण दोन-दोन सुट्या कॅप्सूल घेतल्या की जंतू मरत नाहीत, उलट शहाणे होतात, हे सांगायची काय गरज होती? गावात सुट्या कॅप्सूल देणारं दुकान एकच आहे, आपलं. पोरांनी घरोघरी जाऊन सांगितलं. आता मक्याची केन्की विकणारी पोकुआ येता-जाता विचारते, की बाडूदादा, तुमच्या जंतूंच्या शाळेत यंदा किती पास झाले? आणि बाकीच्या बाया हात तोंडाला लावून हसतात. तीस वर्षं या गावाच्या जखमांवर लाल-पिवळी कॅप्सूल फोडून पूड घातली ती मीच. त्यावरच तू एवढी शिकलीस. एकदा येऊन मुलांना सांग, की हे तुझ्या बापाच्या दुकानाबद्दल नव्हतं.

तुझी आई शनिवारच्या अंत्यविधीला नव्या चपला घालून दिवसभर उभी होती. टाचेला फोड आला, तो फुटला. तिला साखरेचा आजार, म्हणून सांगतो. मी पूड घातली आहे. तू काळजी करू नकोस, ती मी करतोच आहे.

बापावर राग असला तरी माया असू दे.
तुझे,
पपा

कुमासी
ता. १६ जानेवारी २००९

ति. पपांस, अफियाचा सा. न.

पोकुआमावशीला सांगा, तुमच्या शाळेत पहिला नंबर तिच्याच नातवाचा आहे. एकसष्ट मुलांच्या नाकातून मी कापसाची काडी फिरवली. एकोणीस मुलांत स्टॅफ नावाचा जंतू सापडला. सूक्ष्मदर्शकाखाली पामफळांच्या घडासारखा दिसतो, म्हणून त्याचा कंटाळा कधी येत नाही. नाकात असला तर तो काही करत नाही, पण जखमेत शिरला की करतो. त्या एकोणिसांपैकी अकरा मुलांतला स्टॅफ तुमच्या लाल-पिवळीला भीक घालत नाही. दुकानाचं नाव मी घेतलं नव्हतं, पपा. एका पोराने उठून विचारलं, मग बाडूआजोबांची गोळी घ्यायची का? मी म्हटलं, सांगितलेले सगळे दिवस घ्यायची नाहीतर घ्यायचीच नाही. हे खोटं होतं असं सांगायला मी कशी येऊ?

आईच्या टाचेचं मात्र मनावर घ्या. पूड बंद करा, उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा. सोबत एक नळी आणि काडी पाठवते आहे. जखमेत काडी फिरवून नळीत घाला आणि ओसेइच्या थर्मासात बर्फावर ठेवून पाठवा. आईला म्हणावं, जखमेवर नारळाचं तेल लावायचा हट्ट नको.

दोघांच्या आशीर्वादाची वाट पाहणारी,
अफिया

आनोमाक्रोम
ता. २० जानेवारी २००९

चि. अफियास, आशीर्वाद.

नळी पाठवली आहे. तू परकी नाहीस, पण तुझ्या प्रयोगशाळेत साहेब असतील, इतर पोरं असतील. बाडूच्या बायकोच्या पायात काय घाण आहे ते त्यांनी झाकण उघडून बघावं, हे तुझ्या आईला सोसेना. ती म्हणाली, आपण शहरात माणूस पाठवतो तेव्हा त्याला आंघोळ घालूनच पाठवतो ना? मलाही ते पटलं. घराला शोभेल अशीच नळी पाठवली आहे, खाली मान घालावी लागणार नाही.

टाच थोडी लाल आहे. रात्री ठणकते म्हणते, पण तिला कुरकुरायची सवय आहे हे तुला माहीत आहे. दुकानात कालपासून चारच माणसं आली. उत्तर लवकर दे, मला झोप नाही.

तुझे काळजीखोर,
पपा

कुमासी
ता. २४ जानेवारी २००९

ति. पपांस, सा. न.

हाताशी दुसरा कागद नव्हता म्हणून विद्यापीठाच्या शिक्क्याच्या कागदावर लिहिते आहे, रागावू नका. आनंदाची बातमी आहे. अठ्ठेचाळीस तास बशी ठेवली, आईच्या नमुन्यात एकही जंतू उगवला नाही. मी दोनदा पाहिलं. जखम स्वच्छ आहे असं दिसतं. माझ्या मनावरचं ओझं उतरलं.

इथे परीक्षांचे पेपर तपासायचे आहेत, शिवाय शाळांमधल्या नमुन्यांचा अहवाल द्यायचा आहे. पंधरा दिवसांनी येते. आईला पाय उशीवर ठेवायला सांगा, आणि मी येईन तेव्हा पाम सूप हवं म्हणावं.

तुमचीच,
अफिया

आनोमाक्रोम
ता. ५ फेब्रुवारी २००९

चि. अफियास, खूप खूप आशीर्वाद.

तुझं शिक्क्याचं पत्र मी दुकानाच्या दारावर लावलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवलं. पोकुआचं तोंड बघायला हवं होतंस. म्हणाली, अगं बाई, म्हणजे म्हाताऱ्याची पूड खरंच जंतू मारते तर! मी म्हटलं, मी नाही म्हणत, माझी डॉक्टर लेक म्हणते, शिक्का बघ. दुकान पूर्वीसारखं भरलं आहे. वडाकुट गावाच्या बसमध्ये औषधं विकणारा अगयेइ आला होता, त्याने झेरॉक्स मागितली, मी दिली. बापाचा मान तू परत आणलास.

आईला तीन दिवस ताप आहे. पाय घोट्यापर्यंत सुजला आहे आणि बोट काळपट दिसतं. नर्सबाई म्हणाल्या, कुमासीला न्या. पण तुझा रिपोर्ट स्वच्छ आहे, मग कशाला उगाच तिला बसच्या धक्क्यांत घालायचं, म्हणून मी थांबलो आहे. रोज दोनदा पूड घालतो. तुझा फोन लागत नाही, तू काय म्हणतेस ते ओसेइच्या हाती लगेच कळव.

तुझे,
पपा

कुमासी
ता. ३ मार्च २००९

ति. पपांस,

आईला माती देऊन आठवडा झाला. तिथे माणसांच्या गर्दीत मी तुमच्याशी बोलू शकले नाही, म्हणून लिहिते.

तुमचं पत्र मिळाल्यावर आईला इथल्या इस्पितळात आणलं, तेव्हा तिच्या रक्तातून आणि टाचेतून मी स्वतः नमुना घेतला. दोन्हीत स्टॅफ होता. तुमच्या दुकानातली एकही गोळी त्याच्यावर चालत नाही. जी चालते ती सुई डॉक्टरांनी दिली, तेव्हा दोन दिवस उशीर झाला होता. तो जंतू टाचेत पहिल्यापासून असणार. मग जानेवारीतल्या माझ्या बशीवर तो का उगवला नाही? पपा, काडी फिरवण्याआधी तुम्ही जखमेला काय केलंत?

मी विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला शिकवते: बशी वाचण्याआधी विचारा, नळी कोणी भरली, कशी भरली. आंघोळ घालून पाठवतो असं तुम्ही लिहिलंही होतंत, मी ते हसून सोडून दिलं. नळी तुम्ही भरली होती म्हणून मी विचारलं नाही. हे मी कुणाला सांगू शकत नाही, तुम्हालाच सांगते.

ते पत्र दारावरून काढा.
अफिया

आनोमाक्रोम
ता. १९ मार्च २००९

चि. अफियास,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तरी आहेत.

मी टाच स्पिरिटने तीनदा पुसली. मग पूड घातली, जखम सुकू दिली, पुन्हा पुसली, आणि कोरड्या चामडीवर काडी फिरवली. तिला कळ लागली पण ती हसत होती, म्हणाली, आता मी लग्नाला निघाल्यासारखी दिसते. बस, एवढंच केलं. सहावीपर्यंत शिकलेल्या माणसाला घाण पाठवायची असते हे ठाऊक नव्हतं.

पत्र काढलं. दुकान बंद केलं. पण अगयेइ बसमध्ये तुझी झेरॉक्स दाखवून कॅप्सूल विकतो, चार गावांत ती फिरते आहे. मी त्याला गाठून सांगितलं की ते पत्र चुकीचं आहे, त्यानेच माझी बायको गेली. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, दादा, दुःखात माणूस काहीही बोलतो. पोकुआ म्हणते, चूक पुडीची नाही, बाईवर कुणाची तरी वाईट नजर होती.

मग मी हेडमास्तरांना विचारून तू शिकवलंस त्याच वर्गात उभा राहिलो. स्पिरिटचं सांगितलं, पुडीचं सांगितलं, दोन-दोन कॅप्सूलचंही सांगितलं.  मागच्या बाकावरची एक मुलगी, डुफी नाव तिचं, तिने हात वर करून विचारलं, की मग आजीला कुणी मारलं? सगळी पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. अफिया, मी म्हणालो, देवाची इच्छा. पोरांनी माना डोलावल्या, हेडमास्तरांनी टाळ्या वाजवायला लावल्या, तास संपला.

डुफीने टाळ्या वाजवल्या नाहीत. तू ये आणि तिला खरं सांग. माझं नाव घेऊन सांग. तू वर्गात असशील तेवढा वेळ मी घराबाहेर पडणार नाही.

जमलं तर लोभ असू दे, नाही जमलं तरी मला समजेल.
पपा